सिलोनचा आवाज कोणाच्या मालकीचा होता?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत इतिहास शिकवायचे. सनावळ्या घोकून घेण्यापेक्षा त्या त्या काळातली साधी माणसं संध्याकाळी काय करत होती, याची त्यांना ओढ असे. आजचा विषय मी त्यामुळेच निवडला. साठीच्या दशकातली महाराष्ट्रातली कुठलीही बुधवारची संध्याकाळ घ्या. आठाच्या सुमाराला इराण्याच्या हॉटेलात, पानाच्या गादीसमोर, चाळीच्या गॅलरीत माणसं का रेंगाळायची, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागलेली असायची.

हे केंद्र कसं मोठं झालं, हे आपल्याकडे पुष्कळ सांगितलं गेलं आहे. ते कसं ओसरलं, हे फारसं कोणी सांगत नाही. ‘टीव्ही आला आणि रेडिओ गेला’ एवढ्या एका वाक्यात ते उरकलं जातं. मला ते पटत नाही. सिलोनला उतरती कळा लागली ती टीव्ही घराघरांत पोहोचण्याच्या पंधरा वर्षं आधी, आणि तिची सुरुवात इथे, महाराष्ट्रात झाली. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: या केंद्राचे ऐकणारे एका देशात होते, मालक दुसऱ्या देशात, आणि पैसे देणारे तिसरेच. या तिघांचं हित जोवर जुळत होतं तोवर सगळं उत्तम चाललं. ते जुळेनासं झालं, तेव्हा ऐकणाऱ्यांना विचारायची गरज कोणालाच भासली नाही.

सुरुवात यंत्रापासून करू. कोलंबोत नभोवाणीचे प्रयोग १९२३मध्येच झाले होते. तार खात्यातले मुख्य अभियंता एडवर्ड हार्पर यांनी, पकडलेल्या एका जर्मन पाणबुडीतलं बिनतारी सामान वापरून, ते केले. १६ डिसेंबर १९२५ला तिथलं नियमित प्रसारण सुरू झालं. म्हणजे मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, त्याच्याही आधी. पण ते केंद्र बेटापुरतं होतं. त्याला बळ आलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय कँडीला होतं. ब्रह्मदेशापासून पुढे पसरलेल्या सैनिकांपर्यंत गाणी आणि बातम्या पोहोचवायला ‘रेडिओ सीक’ उभं राहिलं, आणि त्याच्यासाठी कोलंबोच्या उत्तरेला एकाला या गावी १०० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक बसवला गेला. तो पूर्ण ताकदीनं चालू होईपर्यंत युद्ध संपलंही होतं. सैनिक घरी गेले. १९४९मध्ये ही सगळी सामग्री नुकत्याच स्वतंत्र झालेल्या सिलोनच्या हाती आली. एवढ्या छोट्या देशाला अशा प्रक्षेपकाची काहीच गरज नव्हती. तो बांधलाच होता दूरच्या लोकांसाठी.

या प्रक्षेपकाचा स्वभाव समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. तो एएम पद्धतीचा होता. एएम म्हणजे वाहक लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त करणं. पद्धत अगदी सोपी. ग्राहक यंत्र स्वस्तात बनतं आणि दुरुस्तही गल्लीत होतं. लघुलहरींवर हीच पद्धत वापरली, की लहर जमिनीवरून सरकत जाण्याऐवजी वर जाते, अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबराला लागून खाली वळते आणि शेकडो मैलांपलीकडे उतरते. कोलंबोहून मुंबई सुमारे दीड हजार किलोमीटर. लघुलहरींना हे अंतर फार सोयीचं. दिवसा २५ किंवा ३१ मीटर आणि रात्री ४१ किंवा ४९ मीटर, असा बँड बदलायचा एवढंच. रेडिओचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मधूनच पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. आयनांबराच्या वेगवेगळ्या थरांतून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे ते घडत असे. माझ्या पिढीचा कान या खरखरीतून गाणं निवडून घ्यायला शिकला. वीज कडाडली की बोट आपोआप काट्यावर जायचं.

यंत्र तयार होतं. ते चालवायला माणूस लागतो. कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियाहून क्लिफर्ड डॉड आले आणि ३० सप्टेंबर १९५० रोजी रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. डॉड यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. आकाशवाणीवर जाहिरात चालत नाही, समुद्रापलीकडे कोट्यवधी ऐकणारे आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्यापर्यंत पोहोचणारं यंत्र आहे. दोन वर्षांत दिल्लीनं त्यांना आणखी एक गोष्ट देऊन टाकली.

इथे मला डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे. १९५२ ते १९६२ इतका दीर्घ काळ ते माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. चित्रपटसंगीत त्यांना उथळ वाटे. आकाशवाणीवरची त्याची वेळ त्यांनी कमी केली. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते नाव सांगणं बंद झालं. निर्माते चिडले, प्रसारणाचे करार मोडले, आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसंच झालं. या माणसाची आपल्याकडे फक्त टवाळी होते. मी ती करणार नाही. संस्थानं विलीन झाली होती, दरबारी गवयांचा आधार तुटला होता. त्या वेळी केसकरांच्या आकाशवाणीनं शेकडो कलावंतांना काम दिलं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन, पंडित रविशंकर यांच्या हाताखालचा वाद्यवृंद, हे सगळं त्यांच्या कारकिर्दीतलं. चित्रपटगीताच्या जागी केंद्रांनी स्वतःचं सुगम संगीत तयार करावं हा त्यांचाच आग्रह. पुणे केंद्रावर सीताकांत लाडांच्या काळात १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर माडगूळकर आणि फडक्यांचं गीतरामायण झालं, ते याच वातावरणात. मराठी माणसानं केसकरांना शिव्या देताना हे विसरू नये.

पण त्यांची चूक मोठी होती. लोकांना काय आवडावं हे सरकार सांगू शकतं, असं त्यांनी धरलं. काटा फिरवणं ऐकणाऱ्याच्या हातात आहे, हे त्यांनी धरलं नाही. तेव्हा प्रत्येक रेडिओला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ती पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती. म्हणजे ज्या काळाबद्दल मी बोलतो आहे, त्या सगळ्या काळात महाराष्ट्रातला श्रोता आकाशवाणीसाठी पैसे भरत होता आणि ऐकत होता कोलंबो. पैसे भरणाऱ्या जागी त्याला कोणी विचारत नव्हतं. जिथे एक पैसा भरत नव्हता, तिथे त्याचं पोस्टकार्ड वाचलं जात होतं. ही विषमता मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

आता बिनाका गीतमाला हा कार्यक्रम कसा तयार व्हायचा ते पाहा. बिनाका ही टूथपेस्ट सीबा या स्विस कंपनीची. कार्यक्रम करणारी संस्था रेडिओ ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस. ती उभी केली डॅन मोलिना या अमेरिकी गृहस्थांनी, कुलाब्यात. निर्मितीची सूत्रं हमीद सयानींकडे. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फीत विमानानं कोलंबोला जाई, ठरल्या वेळी एकाला इथून हवेत सोडली जाई आणि आयनांबराला लागून पुन्हा मुंबईत, परळच्या चाळीत उतरे. कुलाब्याहून परळला पोहोचायला त्या आवाजाला समुद्र ओलांडून जावं लागे, कारण मधल्या काही मैलांवर आपल्याच सरकारची बंदी होती.

३ डिसेंबर १९५२ला बिनाका गीतमाला सुरू झाली. हे काम करायला कोणी अनुभवी तयार नव्हतं, म्हणून ते हमीदभाईंच्या धाकट्या भावाकडे आलं. अमीन सयानी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी पुढे मुलाखतींतून अनेकदा सांगितलं आहे, की मोबदला आठवड्याला २५ रुपये होता. सुरुवातीचं स्वरूप स्पर्धेचं होतं. सात गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायची, श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमानं लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रं आली आणि बघता बघता आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असं सयानी सांगत. एवढी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा १९५४च्या अखेरीला स्पर्धा बंद करून लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. ती ठरायची रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती पाहून.

श्रोता संघांवर मला जोर द्यायचा आहे. झुमरी तलैयाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. अभ्रकाच्या खाणींचं ते गाव फर्माइशींमुळे देशभर पोहोचलं. पण असे संघ आपल्याकडेही होते, तालुक्याच्या गावी, गिरण्यांच्या वस्तीत, रेल्वे कॉलनीत. चार मुलं एकत्र येऊन संघाला नाव द्यायची, रबरी शिक्का करून घ्यायची आणि वर्गणी काढून पोस्टकार्डं आणायची. त्यांना ना अधिकार होता, ना मतदान, ना सभासदत्व. तरी आपलं नाव समुद्रापलीकडून उच्चारलं जातं, या एका गोष्टीसाठी ती लिहीत राहिली. आपल्या गावाचं नाव मोठ्या आवाजात घेतलं जाणं ही त्या काळातल्या लहान गावाला फार मोठी गोष्ट होती, आणि ज्यांनी ती कधी अनुभवली नाही त्यांनी तिला हसू नये.

कोलंबोतले निवेदकही भारतातून गेलेले. विजय किशोर दुबे, गोपाल शर्मा, शिवकुमार सरोज, मनोहर महाजन. पुढे चित्रपटात नाव काढलेले सुनील दत्त यांनीही सुरुवातीच्या दिवसांत रेडिओ सिलोनसाठी कलावंतांच्या मुलाखती घेतल्या. सकाळचा जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांचा कार्यक्रम सैगलच्या गाण्यानं संपायचा. आठ वाजायला काही मिनिटं कमी असताना सैगल लागला की शाळेची घाई सुरू होई, असं सांगणारी माणसं मला राज्याच्या प्रत्येक कोपऱ्यात भेटली आहेत. तमिळ सेवेची तमिळनाडूतली लोकप्रियता वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. तिथे निवेदक मयिलवाहनन यांचं नाव आजही आदरानं घेतात.

आता ओसरण्याकडे येतो.

आकाशवाणीनं उत्तर दिलं ते ३ ऑक्टोबर १९५७ला, विविध भारती सुरू करून. पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. केसकर मंत्री असतानाच हे झालं, हे त्यांच्या बाजूनं नमूद करायला हवं. विविध भारतीनं श्रोते परत आणायला सुरुवात केली, पण सिलोनला धक्का बसला नाही, कारण जाहिरातदारांपुढे दुसरी वाट नव्हती. धक्का बसला १ नोव्हेंबर १९६७ला. त्या दिवशी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि पहिली केंद्रं होती मुंबई, पुणे आणि नागपूर. देशातली सर्वांत मोठी बाजारपेठ सिलोनच्या हातून निसटायला लागली ती इथून.

जाहिरातदाराच्या नजरेनं पाहा. मध्यमलहरींवर जवळच्या केंद्राचा स्वच्छ आवाज मिळतो. रुपयात पैसे भरता येतात. परकीय चलनाची परवानगी नको, फीत विमानानं पाठवायला नको, आयनांबराच्या मर्जीवर राहायला नको. तो कशाला कोलंबोला जाईल? लगेच सगळे निघून गेले नाहीत. सवय, नाव आणि अमीन सयानींचा आवाज यांच्या बळावर गीतमाला आणखी वीस वर्षं तिथे टिकली. पण नवे प्रायोजक येणं मंदावलं आणि जुने एकेक करून कमी झाले.

त्याच १९६७च्या जानेवारीत रेडिओ सिलोनचं महामंडळ झालं, आणि १९७२मध्ये देश प्रजासत्ताक झाल्यावर ते श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन बनलं. तिथल्या लोकांना आपली नभोवाणी सिंहली आणि तमिळ माणसांची असावी असं वाटणं अगदी रास्त होतं. शेजारच्या देशातल्या टूथपेस्टच्या गिऱ्हाइकांसाठी आपण केंद्र का चालवायचं, हा प्रश्न कोणीही विचारेल. हिंदी सेवा पैसे आणत होती तोवर तो प्रश्न मागे राहिला. १९८३पासून यादवी युद्धानं त्या देशाला ग्रासलं, तेव्हा हिंदी गाण्यांची काळजी करायला कोणाला वेळ असणार? मी कोलंबोला दोष देत नाही. त्यांनी आपल्यासाठी जे केलं ते कुठल्याही कराराशिवाय केलं.

यंत्राचा खर्चही पाहायला हवा, कारण जगभर एएम केंद्रं बंद होण्यामागे तो आहे. या पद्धतीत विजेचा फार मोठा भाग नुसत्या वाहक लहरीत जातो. पूर्ण मॉड्युलेशन असतानाही दोन तृतीयांश शक्ती वाहकात असते आणि तिच्यात एक अक्षरही नसतं. १०० किलोवॉट हवेत सोडायचे तर विजेचं बिल त्याहून बरंच जास्त ऊर्जेचं येतं. मोठ्या व्हॉल्व्ह महाग, त्यांचं आयुष्य मर्यादित, आणि बनवणारे कमी होत गेलेले. ऐकणाऱ्याच्या बाजूलाही अडचण वाढली. ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर, संगणक, चार्जर, या सगळ्यांचा गोंगाट नेमका एएमच्या पट्ट्यात येतो. शहरातल्या घरात आज जुना संच लावून पाहा. केंद्र असलं तरी ऐकू येणं कठीण.

बाकीचं सर्वांना माहीत आहे. कॅसेटी स्वस्त झाल्या, १९८२मध्ये रंगीत दूरदर्शन आलं, पुढे एफएम आलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीला गीतमालाही विविध भारतीवर आली आणि १९९४मध्ये थांबली. कोलंबोच्या हिंदी सेवेचे तास कमी होत गेले. एकाला इथलं केंद्र मागे पडलं. जर्मनीच्या डॉइच वेलेनं त्रिंकोमालीजवळ उभारलेलं केंद्र श्रीलंकेच्या ताब्यात आलं आणि उरलंसुरलं प्रसारण तिकडे गेलं. २० फेब्रुवारी २०२४ला अमीन सयानी गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली.

ज्या वर्षांत सिलोनचे तास कमी होत होते, त्या वर्षांत लोकांनी पत्रं लिहिली नाहीत का? लिहिली. पण लिहायची कोणाला? कोलंबोतल्या अधिकाऱ्यांवर इथल्या श्रोत्याचा हक्क नव्हता. दिल्लीचा तर विषयच नव्हता. जाहिरातदाराला श्रोता गिऱ्हाईक म्हणून हवा होता आणि ते गिऱ्हाईक त्याला दुसरीकडे मिळालं होतं. एखाद्या देवळाचे भाविक लाखो असावेत आणि विश्वस्तांत त्यांच्यातला एकही नसावा, तसं हे झालं. चाळीस वर्षं जपलेल्या नात्याला कागदावर कुठेच जागा नव्हती.

म्हणून मला आपल्या घराकडे वळायचं आहे. नागपूरजवळ आकाशवाणीचा १,००० किलोवॉटचा मध्यमलहरी प्रक्षेपक आहे. एकालाच्या दहापट. १९८८मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी त्यावरून रात्रभर देशभर ऐकू यायची. रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक, पहारेकरी आणि झोप न येणारी म्हातारी माणसं तिचे श्रोते. जानेवारी २०१९मध्ये खर्चाचं कारण देऊन ही वाहिनी बंद झाली. कारण खोटं नव्हतं, विजेचं गणित मी आत्ताच मांडलं. तरीही मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. बंद करण्यापूर्वी त्या रात्रीच्या श्रोत्यांना कोणीही काही विचारलं नाही. सिलोनच्या बाबतीत निदान परका देश हे कारण होतं. इथे प्रसार भारती संसदेच्या कायद्यानं स्थापन झालेली आहे, पैसा आपला आहे, यंत्र आपल्या जमिनीवर उभं आहे.

अलीकडच्या वर्षांत देशातले अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद झाले आणि आणखी होतील. मी त्यांना कायम चालू ठेवा असं म्हणत नाही. विजेवर पैसे जाळण्यापेक्षा ते कार्यक्रमांवर खर्च व्हावेत, हे मलाही मान्य आहे. मात्र शहरातल्या माणसाच्या हातात मोबाइल आहे, म्हणून मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या घाटाखाली रेंज आहे असं धरून चालू नये. मध्यमलहर डोंगराला वळसा घालून जाते, एफएमची लहर तिथे अडते. चक्रीवादळाच्या दिवशी खोल समुद्रातल्या मासेमारी नौकेला मोबाइलचा मनोरा सापडत नाही. प्रक्षेपक बंद करताना निदान एवढं व्हावं, की त्या पट्ट्यातल्या लोकांना सहा महिने आधी जाहीर सूचना मिळेल, त्यांची सुनावणी होईल आणि पर्यायी व्यवस्था चालू झाल्यावरच बटण दाबलं जाईल. रस्ता बंद करायचा तरी आपण हरकती मागवतो.

दुसरी मागणी ध्वनिफितींची. गीतमालेच्या पहिल्या वर्षांतले मूळ भाग आज सहज ऐकायला मिळत नाहीत. सयानींनी पुढे ‘गीतमाला की छाँव में’ या मालिकेत तो काळ आठवणींतून पुन्हा उभा केला, पण मूळ ते मूळच. मुंबई, पुणे, नागपूर, सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी या आपल्या केंद्रांवर काय काय शिल्लक आहे, त्याची यादी लोकांसमोर आली पाहिजे. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, कामगारांसाठीच्या श्रुतिका, वनिता मंडळातल्या गप्पा, ‘पुन्हा प्रपंच’सारख्या मालिका. गीतरामायण टिकलं, कारण त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. ज्यांच्या रेकॉर्डी निघण्याचा प्रश्नच नव्हता, त्या आवाजांचं काय?

आणि तिसरी मागणी आपल्याकडूनच. गीतमालेच्या वार्षिक क्रमवाऱ्या, सिलोनच्या वेळा, निवेदकांची नावं हे पुष्कळसं आज माहीत आहे ते सामान्य श्रोत्यांनी दर आठवड्याला वहीत उतरवून ठेवल्यामुळे. केंद्रानं जे जपलं नाही ते ऐकणाऱ्यांनी जपलं. अशा वह्या, श्रोता संघांचे शिक्के, कोलंबोहून आलेली पत्रं, पोस्टाचे रेडिओ परवाने तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत असतील. घर बदलताना ते रद्दीत जातात. ते रद्दीत घालू नका. या व्याख्यानमालेच्या संयोजकांशी मी बोललो आहे. इथल्या सार्वजनिक वाचनालयात त्यासाठी एक कपाट राखून ठेवायला ते तयार आहेत. त्यावर कुलूप असेल, नोंदवही असेल, आणि देणाऱ्याचं आणि त्याच्या श्रोता संघाचं नाव त्यात लिहिलं जाईल. उद्या सकाळी दहापासून वाचनालय उघडं आहे.